पानात उरलेली नीळ

आमच्या भोपाळच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी फुलांची चित्रं येतात, कुणाच्या नातवाचा निकाल येतो, मधूनच कुणीतरी पुरणयंत्र उसनं मागतं. आषाढातल्या एका मंगळवारी अशाच दोन फुलांच्या चित्रांमध्ये एक ओळ आली. 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की बाग सेवनिया येथील सौ. कुंदा मोहरील यांचे आज सकाळी...' पुढचं मी वाचलं नाही. मी तेव्हा कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते, पोरांचं प्रॅक्टिकल चालू होतं, आणि एक मुलगी समोर उभी राहून सांगत होती, "मैडम, मेरी स्लाइड सूख गई." मी तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. 'आता ते राहूनच गेलं' असं आलं. दुःख नंतर आलं, संध्याकाळी घरी, चप्पल काढताना आलं, आणि आलं ते अजून गेलेलं नाही. पण पहिला आला तो हाच विचार, आणि त्याची मला लाज वाटते. काय राहून गेलं ते सांगायचं म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे. त्याआधी कुंदाताई कोण होत्या ते सांगायला हवं, कारण त्या काही मोठ्या वगैरे नव्हत्या आणि त्यांच्यावर दुसरं कुणी लिहिणार नाही.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझे वडील इथल्याच मंत्रालयात नोकरीला, मूळचे नागपूरचे, आम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरात राहायचो. एम.एस्सी. झाल्यावर मी भोपाळच्याच एका संशोधन संस्थेत पीएच.डी.ला लागले. पहिल्या दिवशी प्रयोगशाळेत सगळं हिंदी चाललेलं, आणि कोपऱ्यात सिंकपाशी काचेच्या बाटल्या विसळत असलेली एक बाई माझं आडनाव ऐकून वळली. सुती साडी, वर पांढरा ॲप्रन, मनगटावर पुरुषी पट्ट्याचं मोठं घड्याळ. "नागपूरचे का गं तुम्ही? आणि इथे कुठे, तुलसी नगर? मग डबा नको आणत जाऊ बाई, मी दोघींचा आणत जाईन," म्हणाल्या. मी खरंच डबा आणणं बंद केलं. सगळे त्यांना 'मोहरील मैडम' म्हणायचे, मी ताई म्हणायचे. त्या संस्थेत कंत्राटी तंत्रज्ञ होत्या. दर काही महिन्यांनी त्यांचा करार संपायचा आणि पुन्हा व्हायचा, अशी अकरा वर्षं त्यांनी काढली होती. कुणी विचारलं की हसून म्हणायच्या, "मी अकरा वर्षांची टेम्परवारी." यजमान कारखान्यात फोरमन, त्यांना मी काका म्हणायचे; मूलबाळ नाही. रोपांवर आणि आम्हा पोरींवर त्या सारख्याच ओरडायच्या.

आमचं काम तंबाखूच्या रोपांवर होतं. तंबाखू म्हटलं की लोक हसतात, पण प्रयोगशाळेत तंबाखूचं रोप फार गुणी. माझ्या मार्गदर्शक सरांना हे शोधायचं होतं की रोपाला पाण्याचा ताण पडला की त्याच्या आत कोणतं जनुक जागं होतं आणि कधी होतं. जनुक जागं झालेलं डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी एक युक्ती असते. तहानेनं जागं होणारं जे बटण, त्याला जोडून आम्ही रोपात दुसरंच एक जनुक बसवलेलं होतं. त्याचं काम एकच, एक विशिष्ट पांढरी पूड मिळाली की तिचे तुकडे करून निळा रंग तयार करणं. त्या पुडीचं नाव एक्स-ग्लुक. मुठीत मावेल एवढ्या कुपीत यायची, अंधारात, बर्फाच्या पेटीत ठेवायची. पान तोडायचं, त्या पुडीच्या द्रावणात रात्रभर उबेत ठेवायचं, सकाळी अल्कोहोलमध्ये टाकायचं. अल्कोहोल पानाचा सगळा हिरवा रंग ओढून घेतं, पान पांढरंफटक होतं, आणि जिथे जनुक जागं झालेलं असेल तिथे तेवढी निळाई उरते. ताई त्या पुडीला 'नीळ' म्हणायच्या. "फ्रिझरमधून माझी नीळ काढ गं," असं म्हणायच्या, आणि नवीन मुलांना काही कळायचं नाही, कारण पूड तर पांढरी. पण रसायनशास्त्राच्या हिशेबानं त्या बरोबर होत्या. तो रंग खरोखरच निळीच्या जातीचा आहे. एकदा मी विचारलं की हे सगळं तुम्ही काकांना कसं समजावून सांगता? तर म्हणाल्या, "सोपं आहे. आतल्या खोलीत दिवा लागला का नाही हे दाराखालच्या फटीतून कळते ना, तसं."

त्या कुंडीतल्या मातीला बोट लावून ओल बघायच्या नाहीत. रोपाचा प्लास्टिकचा पेला उचलून तळहातावर धरायच्या, किंचित वरखाली करायच्या आणि सांगायच्या, "याला अजून दोन चमचे." वजनकाट्यावर ताडून पाहिलं तर अंदाज चुकायचा नाही. आणि एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. निळीत पानं टाकताना दर वेळी एक पान साध्या रोपाचं टाकायचं, ज्याच्यात आम्ही काहीच बसवलेलं नाही. ते पान पांढरंच निघायला हवं. ते निळं झालं तर समजायचं की दोष पुडीचा किंवा आपल्या हाताचा आहे, रोपाचा नाही. "एक पान खरं बोलणारं पाहिजे," असं त्या म्हणत.

रोपं राहायची ग्रोथ रूममध्ये. बंद खोली, दिवसभर दिवे, एसीची कोरडी हवा. तिथे पेल्यातलं पाणी दोन दिवसांत उडून जायचं, म्हणून सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी येऊन पाणी घालावं लागायचं, आणि दाराला दोरीनं बांधलेल्या रजिस्टरमध्ये सही करावी लागायची. हे काम ताईंचं. कंत्राटी माणसाला रजा नसायची. नाही आलं तर गैरहजर, आणि गैरहजेरी करार पुन्हा होताना नडायची. फक्त वर्षातून एकदा, भाद्रपदात, ताईंच्या घरी महालक्ष्म्या बसायच्या. विदर्भातल्या घरांत महालक्ष्म्यांचे ते तीन दिवस म्हणजे काय असतं ते तिकडच्यांना सांगायला नको. सोळा भाज्या, आंबील, पुरण, मुखवट्यांना साड्या नेसवणं, आणि बाईमाणसाला पाणी प्यायला उसंत नाही. त्या तीन दिवसांसाठी ताईंनी एक रीत पाडली होती. आदल्या दिवशीच पुढच्या तीन दिवसांच्या सह्या रजिस्टरमध्ये करून ठेवायच्या, आणि पाणी आमच्यापैकी कुणीतरी घालायचं. आदल्या वर्षापर्यंत माझ्या आधीची सीनियर मुलगी घालायची. त्या वर्षी माझ्यावर आलं. गुरुवारी दुपारी ताईंनी माझ्यासमोर शुक्रवार, शनिवार, रविवार अशा तीन सह्या केल्या, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "शुभदा, रोज सकाळी ये हो. हे फार नाजूक होऊन राहिले आहेत. आणि शनिवारी संध्याकाळी जेवायला ये, सवाष्ण नसली तरी चालते." मी म्हणाले, "ताई, तुम्ही निश्चिंत राहा."

शुक्रवारी सकाळी विभागातल्या पाचसहा जणांनी पचमढीला जायचं ठरवलं. अचानकच ठरलं. मीही गेले. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही कारण नाही. घरी आजारपण नव्हतं, परीक्षा नव्हती, कुणी बघायला येणार नव्हतं. हबीबगंज स्टेशनवर गाडी पकडताना मला रोपांची आठवण झाली होती, हेही खरं. मी स्वतःला सांगितलं की ताईंनी काल भरपूर पाणी घातलंय, रोपं काही मरत नाहीत. पचमढीत धबधब्याखाली उभं राहून काढलेला एक फोटो आहे, सगळे नखशिखांत भिजलेले, मी तोंड वर करून पाणी पिते आहे. तो फोटो मी नंतर फाडून टाकला, पण फाडल्यानं काय होतं.

सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन ग्रोथ रूमचं दार उघडलं तर चाळीस पेल्यांमधली चाळीस रोपं माना टाकून पडलेली. पानं चिंधीसारखी लोंबत होती. मी धावत जाऊन पाणी आणलं, प्रत्येक पेल्यात घातलं, आणि तिथेच स्टुलावर बसून राहिले. तंबाखू खरोखर गुणी. दुपारपर्यंत सगळी रोपं ताठ उभी राहिली, जणू काही झालंच नाही. ताई दुपारी आल्या, डोळे झोपेनं तांबारलेले, मी जेवायला गेले नव्हते म्हणून डब्यातून माझ्यासाठी पुरणपोळी आणलेली. पेला उचलून बघितला आणि म्हणाल्या, "पाणी जास्त झालं गं, असू दे." मला हायसं वाटलं.

प्रयोग असा होता की त्या दिवसापर्यंत सगळी रोपं पाण्यात सुखी असायला हवीत. मग अर्ध्यांचं पाणी तोडायचं आणि त्यांच्यात नीळ केव्हा दिसते ते बघायचं. सुरुवातीचा पुरावा म्हणून मंगळवारी ताईंनी सगळ्यांची एकेक कोवळी पानं काढून निळीत ठेवली. ती सगळी पांढरी निघायला हवी होती. बुधवारी सकाळी ताईंनी मला हाक मारली. अल्कोहोलच्या बशीत पानं तरंगत होती, हिरवा रंग गेलेला, आणि शिराशिरांतून, काठाकाठानं गडद निळी. सगळीच्या सगळी. फक्त एक पान पांढरं होतं, ते साध्या रोपाचं. म्हणजे पूड खरी होती, हातही खरे होते. तेव्हा मला एक गोष्ट उमगली जी मी पुस्तकात वाचून विसरले होते. रोपाला पाणी मिळालं की जनुक पुन्हा झोपी जातं, पण जागेपणी त्यानं जे तयार केलेलं असतं ते पानात कित्येक दिवस राहतं. वरून रोप टवटवीत दिसतं. तहान भागलेली असते. आणि तरीही पानाला विचारलं तर ते सांगतं.

ताई बशीकडे बघत होत्या. मग माझ्याकडे न बघता हळू म्हणाल्या, "शुभदा, यांना तहान लागली होती गं." मी म्हणाले, "पूड जुनी झाली असेल, ताई." त्यांनी चिमट्यानं ते पांढरं पान उचलून वेगळ्या बशीत ठेवलं आणि माझ्यासमोर सरकवलं.

महिन्याभरात बाहेरचे तज्ज्ञ प्रकल्प बघायला येणार होते. रोपं पुन्हा बियांपासून वाढवायची म्हणजे तो महिना गेला. सर आले, बशी बघितली, रजिस्टर मागवलं. सर वाईट नव्हते, पण त्या दिवशी ते घाबरलेले होते आणि घाबरलेला माणूस कुणाला तरी धरतोच. "पानी किसने दिया था?" त्यांनी विचारलं. रजिस्टर उघडंच होतं. "मैडम, तीनों दिन आपके साइन हैं. आप आई थीं?" ताईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. एखाद्या मुलीची बोलायची पाळी आली की तिच्याकडे बघतात तसं बघितलं, आणि वाट पाहिली. मला तो क्षण अजून जसाच्या तसा दिसतो... एसीचा घरघराट, सरांच्या हातातलं पेन, माझ्या पायाशी पडलेली रबरी नळी. मी नळीकडे बघत राहिले. मग ताई म्हणाल्या, "साइन मेरे हैं, सर." त्या खोटं बोलल्या नाहीत. आले होते असं त्या म्हणाल्या नाहीत. मी मात्र काहीच बोलले नाही, आणि ते खोट्याहून वाईट होतं.

पुढचा करार झाला नाही. कागदावर 'कार्य में गंभीर लापरवाही' असं लिहून आलं. अकरा वर्षांत ज्यांच्या हातून एक पेला सुकला नाही त्यांच्या नावापुढे हे शब्द लागले, आणि ते शब्द घेऊन कुठल्या सरकारी प्रयोगशाळेत त्यांना उभं करणार? शेवटच्या दिवशी त्यांनी बाटल्या विसळून पालथ्या घातल्या, ॲप्रन घडी करून पिशवीत ठेवला. मी रडले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि "रडून नको राहू, होते असं," म्हणाल्या. त्यांनाच माझं सांत्वन करावं लागलं. पुढे हबीबगंज भागातल्या एका पॅथॉलॉजीत त्या रक्त घ्यायच्या कामाला लागल्या आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिल्या. रोपांना पुन्हा त्यांचा हात लागला नाही.

माझं सगळं नीट झालं. नवीन रोपं वाढली, तज्ज्ञ खूश झाले. एवढंच नाही, तहान भागल्यावर पानात नीळ किती दिवस टिकते यावर मी मुद्दाम प्रयोग केले आणि माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण त्यावर आहे. त्याची वाखाणणी झाली. प्रबंधाच्या सुरुवातीला, आभारांच्या पानावर, शेवटून दुसऱ्या ओळीत श्रीमती मोहरील यांचे तांत्रिक साहाय्याबद्दल आभार मानलेले आहेत. प्रत द्यायला मी बाग सेवनियाला गेले तेव्हा ताईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "नाव छान छापलं." मग त्यांनी पानं उलटली आणि त्या प्रकरणापाशी थांबल्या. इंग्रजी त्यांना कामापुरतं यायचं. चित्रं मात्र त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळायची. त्यांनी निळ्या पानांची ती चित्रं एकेक करून बघितली, पुस्तक मिटलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

ताईंची नोकरी गेली तेव्हापासून दर वर्षी मात्र महालक्ष्म्यांच्या जेवणाचं बोलावणं आलं. एकही वर्ष चुकलं नाही. माझं लग्न झालं, मी कॉलेजात लागले, घर बदललं, तरी त्या फोन करायच्या, "ये हो." मी जायचे. नाही म्हणायची माझी छाती नव्हती. मुखवट्यांसमोर पानं मांडलेली असायची, ताई मला आग्रह करकरून वाढायच्या. दर वर्षी जाताना मी वाक्य तयार करून न्यायचे. रिक्षात पुटपुटायचे. आणि दर वर्षी ते तसंच परत आणायचे. हळूहळू मला वाटायला लागलं की त्या विसरल्या. एवढ्या प्रेमानं वाढणारी बाई विसरलेलीच असणार, असं मी मनाला पटवलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं. पण विसरले मी नव्हते. आजही बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालताना पाठीमागून कुणीतरी हळू बोलतं, 'यांना तहान लागली होती गं.' प्रॅक्टिकलला अल्कोहोलची बाटली उघडली की त्या वासाबरोबर कुणीतरी बशी माझ्यासमोर सरकवतं. मी वैज्ञानिक बाई, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी मी वळून बघते.

शेवटची भेट जूनमधली. ताईंचं हृदय दमलं होतं, पायांवर सूज होती. डॉक्टरांनी पाणी बंद केल्यासारखंच केलं होतं. दिवसभरात ठरलेलं तेवढंच, तेही मापानं. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, ओठ सुकून पापुद्रे आलेले. काका औषध आणायला खाली गेले होते. ताई म्हणाल्या, "शुभदा, तहान लागली गं." टेबलावर ग्लास होता, पाण्याचा जग होता, आणि मला द्यायची मनाई होती. मी रुमाल ओला करून त्यांचे ओठ पुसले. त्यांनी डोळे मिटून घेतले. आम्ही दोघीच होतो, यापेक्षा वेगळी वेळ मला कुणी आणून देणार नव्हतं. मी म्हणाले, "ताई, मला तुम्हाला एक..." त्यांनी लगेच डोळे उघडले. इतक्या लगेच, की मी दचकले. त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या, अंगात त्राण नसताना मान उशीवरून उचलून. आणि मी म्हणाले, "...एक चांगला डॉक्टर माहीत आहे." त्यांनी मान परत उशीवर ठेवली. "बरं," म्हणाल्या. जिन्यात काकांच्या चपला वाजल्या. पुढच्या महिन्यात ताई गेल्या.

मागच्या रविवारी मी बाग सेवनियाला गेले. काका एकटेच होते. यंदा त्यांच्याकडे महालक्ष्म्या बसणार नाहीत, सुतकाचं वर्ष आहे. मुखवट्यांची पेटी कपाटावर जुन्या चादरीत बांधून ठेवलेली होती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मी एकदम सांगून टाकलं. पचमढी, तीन दिवस, सह्या, सगळं. काका शर्टाच्या बाहीचं बटण लावत ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "माहीत आहे मला. त्या बुधवारीच येऊन सांगितलं तिनं." काका म्हणाले, "मी म्हटलं होतं, सरळ जा न् सांग तुझ्या सरांना. तर म्हणे, मी सांगितलं तर ते पोरीचं नाव घेणं होते, तिनं सांगितलं तर कबुली होते. सांगेल ती, पोरगी खोटी नाही आहे. मग पत्र आलं. तरी म्हणे, सांगेल. दर महालक्ष्म्यांना तू जेवून गेली की मला म्हणायची, यंदाही नाही बोलली." मी विचारलं, "चिडायच्या का हो?" "पहिली दोनचार वर्षं खूप. तू गेली की भांडी आपटायची. नंतर नाही. नंतर तिला तुझीच काळजी वाटायला लागली. म्हणे, एवढं मनात ठेवून ही झोपत कशी असेल."

तेव्हा मला एक गोष्ट आठवली जी इतकी वर्षं मी नुसती बघितली होती. दर वर्षी जेवणं झाली की ताई मला एकटीला स्वयंपाकघरात बोलवायच्या, डबा भरून द्यायला. दार लोटून घ्यायच्या. डबा भरून व्हायचा, झाकण लागायचं, आणि तरी त्या माझ्या हातात द्यायच्या नाहीत. ओट्याशी उभ्या राहायच्या, डबा दोन्ही हातांत धरून, पाच मिनिटं, कधी दहा. मला वाटायचं, दमल्या असतील. मीही गप्प उभी राहायचे आणि मनात म्हणायचे, आता देतील तर बरं. त्या मला वेळ देत होत्या. सतरा वर्षं, दर वर्षी, दार लोटून.

मी काकांना विचारलं, आता मी कुणाला सांगू? ते म्हणाले, "तो कागद कुठल्या तरी फाइलीत असेलच ना. त्यावर तिचं नाव तसंच आहे." दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. ते आता निवृत्त आहेत, मुलाकडे असतात, कान जरा कमी झालेत. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कौन मोहरील?" मी पुन्हा सांगितलं, अकरा वर्षं होत्या, पाणी घालायच्या, निळीचं काम करायच्या. ते बराच वेळ आठवत राहिले. "होंगी बेटा," म्हणाले. "बहुत साल हो गए. तुम्हारा तो काम अच्छा ही हुआ था." संस्थेला मी पत्र लिहिलं आहे, सही करून. त्याचं उत्तर येईल तेव्हा येईल.

म्हणून हे इथे लिहिते आहे, जिथे ताईंना ओळखणारे आणि न ओळखणारेही वाचतील. त्या शुक्रवारी, शनिवारी आणि रविवारी रोपांना पाणी घालायचं काम माझं होतं. मी शब्द दिला होता आणि मी गेले नाही. कुंदा मोहरील यांच्या हातून कसलीही कुचराई झाली नव्हती. त्यांची नोकरी माझ्या गप्प बसण्यानं गेली.

छापायला देण्याआधी हा लेख मी काकांना वाचून दाखवला. ते म्हणाले, इथे नको, आत चल. स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहून मी वाचलं. काका दाराशी स्टुलावर बसले होते आणि मी सुरुवात करण्याआधी त्यांनी उठून दार लोटून घेतलं होतं. वरचा परिच्छेद मी दोनदा वाचला. वाचून झाल्यावर काका ओट्याच्या त्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं तिकडे बघून, घरातल्या माणसाला रोजची गोष्ट सांगावी तशा आवाजात म्हणाले, "बोलली गं पोरगी." आणि मग दोघांची पानं घ्यायला उठले.